पड रानाची नोंद

माझ्या पीएच.डी.चा सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीनं खाल्ला, ती शेतात नसते. नेसरीच्या शिवारातल्या एखाद्या तुकड्यात यंदा काही पेरलेलं नाही. आता या ‘काही नाही’बद्दल यंत्राला काय सांगायचं, एवढाच प्रश्न. संशोधनाच्या आराखड्यात मी त्याला अर्धं पान दिलं होतं. आज प्रबंधाची दोन प्रकरणं त्यावर उभी आहेत आणि माझ्या मार्गदर्शकांचं मत असं, की मी रिकाम्या रानात जरा जास्तच रमले आहे.

विषय आहे सत्ताशास्त्र, म्हणजे ऑन्टॉलॉजी. जे जे आहे ते किती प्रकारचं आहे आणि ते प्रकार एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, याचा विचार. ॲरिस्टॉटलनं त्याचे दहा वर्ग केले, आपल्याकडे वैशेषिकांनी सहा केले आणि पुढे सात. संगणकवाल्यांनी हा शब्द तत्त्वज्ञांकडून उचलला तो गरजेपोटी. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेली व्याख्या सगळे प्रबंध उद्धृत करतात. तिचा मथितार्थ असा: एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या नजरेनं बघतो ती नजर उघडपणे, नेमकेपणानं लिहून काढणं. कोणत्या वस्तू मानल्या, त्यांच्यात कोणती नाती मानली, कोणत्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे सगळं यंत्राला वाचता येईल अशा भाषेत मांडायचं.

हे मी घरी समजावून सांगत होते तेव्हा आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे तलाठ्याचंच काम की गं हे. खरं त्येला पगार असतोय.”

पगाराचं सोडा. तलाठ्याबद्दलचं त्यांचं बोलणं मी पुढे प्रगती अहवालात जवळजवळ तसंच वापरलं. सातबारा ही महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसांच्या आयुष्याला हात घालणारी ऑन्टॉलॉजी आहे. गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची, कोणत्या प्रकारच्या भोगवट्यात, तिच्यावर इतर हक्क कोणते. गाव नमुना बारा सांगतो की त्या जमिनीत काय उभं आहे. जिराईत, बागाईत, तरी, वरकस, पोटखराबा, निर्भेळ पीक, मिश्र पीक, जलसिंचित, अजलसिंचित. हे रकाने कुणीतरी कधीतरी ठरवले. त्यांत जे मावतं ते सरकारच्या दृष्टीनं आहे. जे मावत नाही ते ‘इतर हक्क’ आणि ‘शेरा’ या दोन रकान्यांत कोंबलं जातं, आणि गावातली निम्मी भांडणं त्या दोन रकान्यांतूनच निघतात.

मी या विषयाकडे आले ती पुण्यातल्या नोकरीतून. एका विमा कंपनीच्या माहितीसाठ्यावर आमची टोळी काम करायची. दोन विभागांचे ‘ग्राहक’ नावाचे तक्ते एकत्र करायचे होते. एका विभागात हप्ता भरणारा तो ग्राहक, दुसऱ्यात ज्याच्या जिवाचा विमा आहे तो. बाप हप्ता भरतो, विमा पोराचा. तक्ते जोडल्यावर बापाचं वय सात निघायचं. नियम लिहून लिहून आम्ही ते दुरुस्त करत राहिलो, पण ग्राहक ही वस्तू आहे की भूमिका, हा प्रश्न बैठकीत काढला की लोक घड्याळाकडे बघायचे. मला तोच प्रश्न आवडायला लागला होता. पुढचं ओघानं झालं: प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, संशोधन समितीपुढचं सादरीकरण. एक मार्गदर्शक संगणकशास्त्राचे, सहमार्गदर्शक न्यायदर्शनाचे. दोघांचं आपापसात फार पटतं असं नाही, आणि त्याचा मला फायदाच झाला.

क्षेत्र म्हणून नेसरी निवडलं ते गावप्रेमानं नव्हे. ऑन्टॉलॉजीच्या प्रबंधांत नेहमीची उदाहरणं असतात पिझ्झाची, वाइनची, विद्यापीठाची. ती शिकायला बरी. मला असं क्षेत्र हवं होतं की प्रत्येक ओळ लिहिल्यावर जाऊन कुणाला तरी विचारता येईल, आणि जिथं एकाच गोष्टीच्या अनेक नोंदी वेगवेगळ्या हातांनी होत असतील. गडहिंग्लज तालुक्याच्या या टोकाला ऊस आहे, भात आहे, नाचणी आणि भुईमूग आहे, आणि एकाच उसाच्या तीन नोंदी आहेत: तलाठ्याकडे पीकपाहणी, कारखान्याकडे ऊसनोंद, विकास सोसायटीत पीककर्जाचं खातं. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण नेसरीत अजून तसं कुणी म्हणत नाही. ज्या शेतकऱ्यांनी आपली कागदपत्रं दाखवायला हरकत घेतली नाही त्यांच्या तिन्ही नोंदी मी शेजारी शेजारी मांडल्या. जुळतील अशी माझी अपेक्षा नव्हतीच. कशा जुळत नाहीत ते बघायचं होतं.

पहिल्यांदा क्षेत्र जुळत नाही. ते समजण्यासारखं, कर्ज, पाणीपट्टी आणि तोडणीचा कार्यक्रम यांना प्रत्येकाला आपापलं क्षेत्र सोयीचं असतं. पण क्षेत्राचा घोळ बाजूला ठेवला तरी ऊस म्हणजे काय यावरच तिन्ही वह्यांचं एकमत नव्हतं.

आडसाली ऊस घ्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लावण झाली तर तो तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. म्हणजे हा एकच ऊस आपल्या आयुष्यात तीन महसुली वर्षांना शिवून जातो. तलाठ्याच्या दफ्तरात तो वर्षावर्षाला नव्यानं उगवतो. कारखान्याला मात्र लागणीची तारीख आणि जात हवी असते, को ८६०३२ की फुले २६५, कारण त्यावर तोडणीचा क्रम लागतो. त्यांच्या लेखी तो पहिल्या दिवसापासून टोळी रानात उतरेपर्यंत एकच. मग ऊस तुटतो. बुडखे राखले तर खोडवा येतो, त्यानंतर निडवा. खोडवा हा तोच ऊस का दुसरा?

मी हे बऱ्याच जणांना विचारलं. एका बाईंनी तोडणी चालू असताना, कोयता न थांबवता उत्तर दिलं, “बुडखा त्योच, ऊस दुसरा.” यापेक्षा चांगलं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही, मिळालं ते फक्त त्याला आधार देणारं. बॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेली बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी, जिला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, जगाची पहिलीच वाटणी अशी करते: एका बाजूला काळातून टिकून जाणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला काळात घडणाऱ्या गोष्टी. बुडखा टिकतो. पीक घडतं, त्याला आरंभ आहे, शेवट आहे, मधले टप्पे आहेत. लावण ते तोडणी हे एक पीक, तोडणी ते पुढची तोडणी हे दुसरं, आणि दोन्हींत भाग घेणारा बुडखा एकच. अशी मांडणी केल्यावर तिन्ही वह्यांचा तंटा बराचसा मिटला. कारखाना घडणाऱ्या पिकाबद्दल बोलतो. तलाठी जमिनीच्या तुकड्याच्या एका वर्षातल्या वापराबद्दल. आणि सोसायटी बोलते अजून न आलेल्या उत्पन्नाच्या भरवशाबद्दल. कुणीच खोटं लिहिलेलं नाही, फक्त तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींना ऊस म्हटलंय. आजवर संगणकाच्या ज्या ज्या यंत्रणा हे तक्ते जोडायला बसल्या त्यांनी ‘ऊस’ बरोबर ‘ऊस’ म्हणून जोडणी केली.

जमिनीच्या मालकीच्या बाजूला असंच एक प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगते कारण त्यात घुसलं की बाहेर पडता येत नाही. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.म.’ असं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. ही भूमिका आहे. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस वेल्टी यांनी २००० च्या सुमारास ऑन्टॉलॉजी तपासायची ऑन्टोक्लीन नावाची पद्धत मांडली. तिचा पहिलाच प्रश्न असा: हा गुण काढून घेतला तर ती वस्तू उरते का? माणूसपण काढलं तर तात्या उरत नाहीत. एकुमपण काढलं तरी उरतात. पण दफ्तरात भूमिकेच्या जागी माणसाचं नाव बसलं, पुढच्या पिढीनं त्या नावाला मालक म्हणून वाचलं, आणि धाकट्या भावांची मुलं प्रांताकडे हेलपाटे घालू लागली. विमा कंपनीतला बाप आणि पोरगा मला इथं पुन्हा भेटले.

तर आता रिकामं रान.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करायची, रानात उभं राहून फोटो काढायचा. त्यात पिकाबरोबरच पडीचीही सोय आहे: चालू पड आणि कायम पड. दोनच. मी शिवारातून हिंडताना पाहिलेली रिकामी रानं या दोन्हींत मावेनात. एका वाफ्यात नाचणीचं तरू तयार होतं आणि शेजारचं रान लावणीसाठी पावसाची वाट बघत होतं. दुसरीकडे निडवा तुटून गेला होता, बुडखे काढून नांगरट झालेली. वरच्या अंगाला कातळ. तिथं गवताशिवाय काही आलेलं कुणाच्या आठवणीत नाही. एका तुकड्यात भुईमूग होता, पण सोसायटीच्या यादीत तिथं ऊस असायला हवा होता, म्हणजे गटसचिवांच्या दृष्टीनं तेही रिकामंच. आणि एका खातेदाराचं सगळं कुटुंब मुंबईला. रान चुलतभाऊ करतो, भात उत्तम उभं, नोंद मात्र कुणीच केलेली नाही.

संगणकाच्या तक्त्यात या पाचही ठिकाणी एकच गोष्ट दिसते: कोरा चौकोन.

हे कोरेपण संगणकशास्त्राला नवं नाही. माहितीसाठ्याचं आजचं रूप ज्यांच्या १९७० च्या निबंधातून आलं त्या एडगर कॉड यांनी कोऱ्या जागेसाठी ‘नल’ आणला, आणि पुढे त्यांनाच वाटू लागलं की एक नल पुरत नाही: एक ‘माहिती असू शकते पण मिळालेली नाही’ यासाठी, दुसरा ‘इथं ही माहिती लागूच नाही’ यासाठी. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये रेमंड रायटर यांनी बंद जगाचं गृहीतक मांडलं: साठ्यात जे नाही ते खोटं समजायचं. रेल्वेच्या वेळापत्रकाला ते चालतं; साडेदहाची गाडी छापलेली नसेल तर साडेदहाला गाडी नाही. त्याच्या उलट, वेबसाठी ऑन्टॉलॉजी लिहायची जी प्रमाण भाषा आहे, आऊल, ती उघडं जग मानते: जे लिहिलेलं नाही ते खोटं नाही, फक्त अज्ञात.

गडहिंग्लजला बी.सी.ए.च्या मुलांना मी कधीकधी शिकवते, तेव्हा हे उघडं जग दाखवायला एक खेळ करते. ‘शेतात उभं असणं’ या नात्याची पहिली बाजू पीक असते, एवढा नियम लिहायचा. मग लिहायचं, तात्या शेतात उभे आहेत. मुलांना वाटतं आता यंत्र ओरडेल. यंत्र ओरडत नाही. ते शांतपणे अनुमान काढतं की तात्या हे पीक आहे. माणूस आणि पीक एकच असू शकत नाही, हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं. सांगितलं की मात्र लगेच विसंगती दाखवतं. ‘हे ते नव्हे’ हेदेखील वेगळं लिहावं लागतं, आपोआप येत नाही, हे त्या हशानंतर मुलांच्या लक्षात राहतं.

बंद जग नेसरीला लावलं तर मुंबईकराच्या रानात भात नाही असं ठरतं, आणि पीकविम्याच्या वेळी ते ठरणं महागात पडतं. उघडं जग लावलं तर कातळाच्या माळावरही ‘ऊस असेल, सांगता येत नाही’ असं उत्तर येतं. शेतकऱ्याला दोन्ही उत्तरं हास्यास्पद वाटतात. २००९ मध्ये आऊलच्या दुसऱ्या आवृत्तीत नकारार्थी विधान स्पष्टपणे करायची सोय झाली, म्हणजे ‘या तुकड्यात ऊस नाही’ असं लिहिता येतं. पण ते कोण लिहिणार, आणि कशाच्या बळावर?

इथं सहमार्गदर्शकांनी मला न्यायकोश उघडायला लावला. भीमाचार्य झळकीकरांचा हा कोश. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती भांडारकर संस्थेनं १९२८ साली काढली. एकेका पारिभाषिक शब्दाला ग्रंथांचे आधार देत पानंच्या पानं. माझं संस्कृत शाळेतल्या शंभर मार्कांपुरतं, त्यामुळे ‘अभाव’ या नोंदीवर मी फार दिवस काढले. वैशेषिकांच्या जुन्या यादीत पदार्थ सहाच: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. अभाव हा सातवा पुढच्या काळात रुजला. शिवादित्याच्या ग्रंथाचं तर नावच सप्तपदार्थी. ‘नसणं’ याला ‘असण्या’च्या यादीत जागा द्यायची का, यावर इतकी शतकं भांडण चालावं, याची मला आधी गंमत वाटायची. शिवारातून हिंडून आल्यावर वाटेना.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार आहेत. उत्पत्तीपूर्वी नसणं तो प्रागभाव: पावसाची वाट बघणारं नाचणीचं रान. नष्ट झाल्यामुळे नसणं तो प्रध्वंसाभाव: निडवा तुटलेलं रान. कधीच नसणं तो अत्यंताभाव: कातळावरचा ऊस. ‘हे ते नव्हे’ तो अन्योन्याभाव: भुईमूग म्हणजे ऊस नव्हे. शिवाय नैयायिकांची अट अशी, की नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही. कशाचा अभाव ते सांगा, म्हणजे प्रतियोगी. आणि कुठे ते सांगा, म्हणजे अनुयोगी. नलमध्ये हे दोन्ही अर्धवट असतात. बिमल कृष्ण मतिलाल यांनी १९६८ मध्ये नव्यन्यायातल्या अभावविचारावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हापासून पाश्चात्त्य तर्कशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक आहे. माहितीसाठे बांधणाऱ्यांपर्यंत ते फारसं पोचलेलं दिसत नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट करायला हवी, कारण संस्कृत आणि संगणक हे शब्द एकत्र आले की गावातल्या गटावर एक ठरलेला संदेश येतो: नासानं संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं आहे. त्यामागे १९८५ च्या एआय मॅगझीनमधला रिक ब्रिग्ज यांचा लेख आहे. नासाच्या एम्स केंद्राशी जोडलेल्या एका संशोधन संस्थेत ते होते, आणि व्याकरणकारांची वाक्यार्थ उलगडायची रीत ही ज्ञान मांडायच्या संगणकीय जाळ्यांसारखी आहे असं त्यांनी दाखवलं. लेख वाचण्याजोगा आहे. पण नासानं काही ठरवलं वगैरे नाही. न्यायदर्शनाचा मला झालेला उपयोग संस्कृत भाषेमुळे नव्हे, तर त्या लोकांनी प्रश्न शेवटपर्यंत धसास लावल्यामुळे झाला.

आणि तो उपयोग चार प्रकारांपेक्षा मोठा आहे. मुंबईकराचं रान या चारांत बसत नाही, कारण तिथं भाताचा अभाव नाही, नोंदीचा आहे. मग नोंदीच्या अभावावरून पिकाचा अभाव कधी ठरवायचा? कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या, म्हणजे भाट्ट, मीमांसकांनी नेमका हाच प्रश्न धरला होता. न दिसणं, अनुपलब्धी, हे त्यांच्या मते ज्ञानाचं स्वतंत्र साधन. नैयायिकांना ते मान्य नाही, ते म्हणतात अभाव प्रत्यक्षच दिसतो. पण एका अटीवर दोन्ही बाजू जवळ येतात: ते न दिसणं योग्य हवं. वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून ती नाही म्हणता येतं. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही.

घटप्रभेच्या काठचं एखादं रान घ्या, मालक गावात, पोरगा कॉलेजात, हातात चांगला मोबाईल, वरून पीककर्ज घेतलेलं. तिथं पीक असतं तर नोंद झालीच असती. नोंद नाही म्हणजे बहुधा पीक नाही. आता डोंगराच्या अंगाचं रान घ्या. मोबाईलला रेंज नाही, म्हातारा-म्हातारी दोघंच, साधा फोन. तिथं नोंद नाही यावरून काहीच निघत नाही. रायटरचं बंद जग पहिल्या रानाला चालतं, दुसऱ्याला नाही. म्हणून मी प्रत्येक कोऱ्या चौकोनाला एक जोडनोंद लावायचं ठरवलं: पीक असतं तर ते या वहीला दिसलं असतं का? हो, नाही, सांगता येत नाही. ही माझ्या प्रबंधातली एकमेव गोष्ट आहे जी मला मनापासून माझी वाटते. तीसुद्धा निम्मी कुमारिलाच्या परंपरेची आणि निम्मी त्या दोघा म्हाताऱ्यांची आहे, ज्यांनी माझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देऊन शेवटी विचारलं, “हे लिवून घेतल्यावर पैसं मिळत्यात व्हय?”

लोक आता विचारतात, एवढं हातानं लिहायची गरजच काय, सगळं वाचलेली यंत्रं आली की. प्रश्न रास्त आहे. डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत सायक हा प्रकल्प सुरू केला तो नेमका हातानं लिहायचाच होता: व्यवहारज्ञानाची विधानं एकेक करून यंत्रात भरायची. लेनाट २०२३ मध्ये वारले. प्रकल्प कोट्यवधी विधानांपर्यंत गेला, पण ज्या सहजपणाची आशा होती तो आला नाही. उलट नुसता मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला शिकलेली मॉडेल्स आज नेसरीच्या बोलीतही बऱ्यापैकी बोलतात. मी ती रोज वापरते. वर्ग सुचवायला, इंग्रजी नीट करायला, वर्गाचं नाव ठरवायला ती उत्तम.

पण ‘नाही’ला ती कच्ची आहेत. म्युनिकच्या नोरा कास्नर आणि हिन्रिक श्युट्झे यांनी २०२० मध्ये दाखवलं, की ‘पक्ष्यांना अमुक येतं’ आणि ‘पक्ष्यांना अमुक येत नाही’ या दोन्ही गाळलेल्या जागा त्या वेळची मॉडेल्स ‘उडणं’ या एकाच शब्दानं भरत होती. आताची मॉडेल्स त्या परीक्षेत पास होतील. तरी मूळ अडचण राहते: मजकुरात लोक जे आहे ते लिहितात. जे नाही, ज्याची नोंद नाही, ते क्वचितच कुणी लिहून ठेवतं.

परिशिष्टासाठी मी शेतीबाहेरचं एक उदाहरण घेतलं, तेही गावातलंच. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड, सरनौबत प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ही घटना महाराष्ट्रभर पोचली. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी यानं १६७४ मध्येच लिहिलेल्या पत्रात दोन टेकड्यांमधली अरुंद वाट आणि सहा स्वार यांचा उल्लेख येतो. सहा जणांची नावं त्यात नाहीत. ती नंतरची परंपरा सांगते. मी मॉडेलला विचारलं, ते सहा जण कोण? क्षणात सहा नावं. पुन्हा विचारलं, एक नाव बदललं. त्या पत्रानुसार कोण, असं विचारलं तरी नावंच आली. ‘या कागदात नावं नाहीत’ एवढं एक वाक्य काही निघेना.

आऊलमध्ये ते सोपं आहे. या घटनेत सात माणसं होती, सातही एकमेकांहून वेगळी, त्यांतल्या एकाचं नाव हे, बाकी सहा आहेत पण या साधनात अनाम. नाव न देता माणसाचं अस्तित्व सांगता येतं. त्याखाली परंपरेनं दिलेली नावं, तिच्या साधनासह, वेगळी. शाळेतल्या एका सरांना मी हे दाखवलं, तर ते थोडे नाराज झाले. त्यांना वाटलं मी सहा जणांना पुसून टाकते आहे. मला वाटतं उलट आहे; अनाम ठेवलेला माणूस माझ्या आकृतीत पक्का उभा आहे, बदलत राहणाऱ्या नावाचा नाही. आमचं अजून एकमत झालेलं नाही.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतीच्या सगळ्या वह्या एकमेकांना जोडल्या जातील आणि त्यांच्यावर सल्ला देणारी यंत्रं बसतील, हे आता ठरल्यासारखं आहे. जोडताना कोरे चौकोन कसे वाचले जाणार, यावर मी शोधलेल्या कागदांत मला काही सापडलं नाही. अर्थात सापडलं नाही यावरून नाही असं म्हणायला मी आता कचरते.

सध्या भांडण चालू आहे ते चौथ्या प्रकरणावर. संगणकशास्त्राच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, अभावाचे चार प्रकार आणि वर तुझी जोडनोंद, एवढं कुणी शेतकरी मोबाईलवर भरणार नाही. खरंच आहे ते. ई-पीक पाहणीचं आत्ताचं काम करतानाच लोक वैतागलेले मी पाहिले आहेत. फोटो काढायला रानात जा, रेंजसाठी टेकाडावर या. म्हणून मी चारांचे दोन करायला तयार झाले: येणार आहे, आणि येऊन गेलं. कातळाची नोंद जमिनीच्या प्रकारातच पोटखराबा म्हणून आहे, ती पुन्हा कशाला. भुईमूग म्हणजे ऊस नव्हे हे एकदा नियमात लिहिलं की झालं, प्रत्येक रानात ते भरायला नको. सहमार्गदर्शकांना अत्यंताभाव गेल्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी मान डोलावली.

जोडनोंद काढायला मात्र मी नकार दिला आहे. ती शेतकऱ्यानं भरायचीच नाही. ती वही ठेवणाऱ्यानं आपल्या वहीबद्दल भरायची: या गटात रेंज आहे का, खातेदार गावात राहतो का, पाहणीला कुणी गेलं होतं का. मार्गदर्शक म्हणतात, कोणतंही कार्यालय स्वतःच्या न दिसण्याची नोंद स्वतः ठेवणार नाही. तात्या म्हणतात, तलाठ्याला विचारून बघ. विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, रकाना दिला तर भरतो की. खरं रकाना वरनं यायला पायजे.” पुढच्या महिन्यात संशोधन समितीपुढे उभी राहीन तेव्हा हे वाक्य मी पहिल्या पानावर टाकणार आहे, मार्गदर्शकांनी ते पाहिलेलं नाही.